जपायला सांगितलंय

पालथ्या पडलेल्या बाबांच्या पाठीत कट् असा आवाज झाला. मणके बसवणाऱ्या कायरोप्रॅक्टरने हात बाजूला घेतले.

"आता श्वास घ्या. खोल."

बाबांनी छाती भरून श्वास घेतला. कळ आली नाही. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या लेकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

आठ वर्षं ती त्या छातीची राखण करत बसली होती. पहिली कळ आली तेव्हा तिच्या लग्नाची तारीख ठरली होती. बाबा हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले. एकटेच आत शिरले आणि पडेल चेहऱ्याने बाहेर आले. "जपायला सांगितलंय," एवढंच म्हणाले. पुढे दर वर्षी तेच. लग्न आधी लांबणीवर पडलं, मग मोडलं. ठरलेल्या मुलाने दोन वर्षं वाट पाहिली. त्याला तरी किती टांगून ठेवणार? परगावची बदली तिने नाकारली, नंतर नोकरीच सोडली. बाबा नुसते जोरात खोकले तरी तिच्या हातातलं काम गळून पडायचं. आता ती एकोणचाळीस वर्षांची होती.

महिन्यापूर्वी बाबा आपणहून म्हणाले, "मणके बसवणाऱ्याला दाखवून बघू या." आजची ही चौथी खेप.

"दुखणं बरगडीच्या सांध्याचं होतं. हृदय ठणठणीत आहे," कायरोप्रॅक्टर हात पुसत म्हणाला आणि त्याने हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. असे पेशंट ते दोघं मिळूनच बघत. फोन टेबलावर होता, स्पीकर चालू.

"साहेब, तुमचे ते आठ वर्षांच्या छातीदुखीचे पेशंट मोकळे झाले."

"आले का एकदाचे? अहो, आठ वर्षं दर खेपेला तुमच्या नावाची चिठ्ठी देतोय त्यांना. हृदयाला काही झालेलं नाही, पाठ दाखवा, हे सांगून सांगून घसा कोरडा पडला माझा."

फोन बंद झाला. बाबा उठून बसले आणि शर्टाची बटणं लावू लागले. सावकाश, एकेक.

लेक स्टुलावरून उठली. "मग आत्ताच का आलात, बाबा?"

"तुझ्या दादाने मला कायमचं राहायला बोलावलंय," बाबा कॉलर नीट करत म्हणाले. "वहिनीची एकच अट आहे. घरात दुखणाईत माणूस नको."