करंगळी

तीस वर्षं अंध मुलांना ब्रेल शिकवून, ठिपके टोचून टोचून बाईंची दोन्ही मनगटं कामातून गेली. आधी नुसती ठणकायची, मग अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत मुंग्या यायला लागल्या. बाईही जन्मांध. आज तर्जनीखालचे ठिपकेच त्यांना कळेनात.

"मनगटात नस दबलीये," डॉक्टर म्हणाले. "करंगळीची नस वेगळी, म्हणून ती तेवढी शाबूत आहे. ऑपरेशन करू, पण बोटांची जाण परत येईलच असं नाही. शिकवणं आता पुरे."

बाई हातावर हात धरून बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या तडक वर्गात गेल्या आणि शेवटच्या बाकापर्यंत चाचपत पोचल्या. तिथली पोर पहिल्या दिवसापासून करंगळीने वाचायची. "ब्रेल तर्जनीनेच वाचायचं!" म्हणत बाईंनी वर्षभर तिच्या त्या बोटावर पट्टी मारली होती.

"सरक जरा," बाई म्हणाल्या. "करंगळीने कसं वाचतेस, ते मला शिकव."

पोर सरकली. मग तिने बाईंची करंगळी धरून पहिल्या ओळीवर टेकवली.

"सावकाश वाचा, बाई. चुकलात तरी मी पट्टी मारणार नाही."