कव्हरवरची मोकळी जागा

"मोकळी जागा हेच खरं डिझाईन," असं आमचे सर वर्षभर बजावत होते. म्हणून मी प्रोजेक्टसाठी केलेल्या पॉप संगीताच्या मासिकाच्या कव्हरवर फक्त वर्गातला गायक रय्यान ठेवला आणि खालचा अर्धा भाग कोरा सोडला.

गुलमंडीतल्या छपाईवाल्या कमरोद्दीनचाचांचा हात मात्र वाढदिवसाच्या बॅनरवर बसलेला. सबमिशनच्या सकाळी अंक आणायला गेले, तर त्यांनी आतल्या पानावरचे अख्ख्या वर्गाचे फोटो गोल कापून त्या जागेत बसवलेले, वर 'शुभेच्छुक'.

"इत्ती जगा खाली कायकू छोडी, बेटा?"

सरांनी कव्हर डोळ्यांजवळ नेऊन एकेक चेहरा निरखला. मी नापास व्हायच्या तयारीनं उभी होते.



"सगळ्यांचे फोटो हायेत, सायली. माझाच नाय व्हय?"