वाडीतली खोली

चाचणीत करोना निघाल्यावर धर्माजी आपण होऊन चिकूच्या वाडीतल्या खोलीत राहायला गेले. त्यांच्या बायकोला, सत्तरीतल्या विजयाला, दमा होता. “काय पण झालं तरी आत यायचं नाय,” त्यांनी तिला बजावलं होतं. मास्क लावून ती रोज उंबऱ्याबाहेर पेज ठेवायची आणि हाक मारायची. आतून “हाय गं, हाय” ऐकलं की तिच्या जिवात जीव यायचा. सहाव्या दिवशी तिनं तीनदा हाक मारली, पण आतून उत्तर आलं नाही. सकाळची पेजही तशीच होती. मग मास्कवरून पदर गच्च आवळून तिनं दार ढकललं. घामानं भिजलेले धर्माजी दचकून जागे झाले आणि त्यांनी चादरीत तोंड लपवलं. “भायेर हो! कवाची आत हायेस?” “आल्यापासून श्वास घेतला नाय मी,” ती म्हणाली. ते खरंच होतं.