तिघे कोंबडे

सुनेने हौसेने परसात पाळायला कोंबडीची तीन पिल्लं आणली, तेव्हा विकणाऱ्याने सगळ्या कोंबड्याच निघतील असं छातीठोकपणे सांगितलं होतं. तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, त्या पिल्लांना तळहातावर दाणे देऊन वाढवलं. हळूहळू तिघांचे तुरे लालभडक झाले आणि एका पहाटे त्यांनी घोगऱ्या आवाजात बांग दिली. आबा खुदकन हसले. घरात बाकी कोणालाच हसू आलं नाही.

"अंडी तर देणार नाहीत," मुलगा चहा घेताना वैतागून म्हणाला. "नुसतं बसून खायचं आणि पहाटे सगळ्यांची झोपमोड करायची. असल्यांना कशाला पोसायचं?"

"शेजारीही कुरकुरायला लागलेत," सून म्हणाली.

"राहू दे की रे. माझ्या ताटातलं घालीन मी त्यांना," आबा म्हणाले.

"आबा, प्रश्न ताटाचा नाही. उपयोग काय त्यांचा?"

रविवारी खाटीक आला. त्याने सगळं परसदार पालथं घातलं, पण कोंबडे काही हाती लागेनात. शेवटी मुलाने आबांनाच बोलावलं. आबांनी दाण्यांची मूठ उघडून हात पुढे केला, तसे तिघेही निर्धास्तपणे धावत आले.

"चला, उद्यापासून शांत झोप," सून म्हणाली.



दुसऱ्या दिवशी पहाटे आबांना खोकल्याची उबळ आली, तेव्हा त्यांनी उशी तोंडावर घट्ट दाबून धरली.