प्रागमधलं चैत्रांगण

"अगं, अंडं आहे ते," पोंक्षेकाका कुजबुजले.

प्रागच्या ईस्टर बाजारात विमलकाकू अर्धा तास एकाच स्टॉलपुढे खिळल्या होत्या. तिथली म्हातारी टाचणीचं डोकं वितळलेल्या मेणात बुडवून पोकळ अंड्यांवर नक्षी काढत होती आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातीही टाचणी देत होती. टूरमधल्या चौघींचं मेण ओघळलं होतं.

काकूंनी जन्मात अंड्याला बोट लावलं नव्हतं. मुलांना ऑम्लेट हवं तर शेजारी जाऊन खावं, हा घरचा कायदा. पण चैत्रातली तीज उलटली होती, आणि बेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं अंगण चैत्रांगणाच्या रांगोळीविना राहिलं होतं. त्यांनी अंडं उचललं.

मेण क्षणात गोठतं, खोडता येत नाही. पण काकूंना खोडायची सवय होतीच कुठे? गौरीचा झोका, शंख, कासव, गोपद्मं, सगळं त्या मुठीएवढ्या अंगणात बसलं.

म्हातारीने अंडं उजेडात धरून दोनदा फिरवलं. मग सगळ्यांत वर टांगलेलं स्वतःचं अंडं काढलं आणि तिथे काकूंचं लावलं.

"फोटो घरी पाठवू?" काकांनी विचारलं.

"पाठवा. आणि सूनबाईला कळवा, यंदाचं चैत्रांगण चुकलं नाही."