आधी कडी

लाकडी फळीवर बसवलेली कडी आईने बाईंच्या टेबलावर ठेवली. "शाळेचीच आहे. जुईच्या सरावासाठी नेली होती."

जुई एकदा बाथरूममध्ये तासभर अडकली होती. म्हणून विशेष मुलांच्या वर्गात बाईंनी आणि घरी रोज संध्याकाळी आईने, पाच महिने खपून तिला कडी काढायला शिकवली. जमलं त्या दिवशी आईने शाळेत पेढे वाटले होते.

गेल्या मंगळवारी दुपारी आईचा डोळा लागला. जुईने दाराची कडी काढली आणि ती सरळ हायवेकडे निघाली. आई हाका मारत मागे धावली. जुई थांबली नाही. ट्रकलाही थांबता आलं नाही.

"हाक मारली की थांबायचं, हे पुढच्या महिन्यात शिकवायचं होतं ना?" आईने विचारलं. "आधी कडी, मग थांबणं, असं कोणी ठरवलं होतं हो बाई? मला काही आठवतच नाही."

जुईची फाइल बाईंसमोर उघडीच होती. 'आधी थांबायला शिकवू असं सुचवलं. आईच्या आग्रहावरून आधी कडी.' खाली आईची सही.

बाईंनी फाइल मिटली.

"मी ठरवलं होतं," त्या म्हणाल्या.