दिवाळसणाचा डाव

“हरलो बुवा!” म्हणत हेमंतरावांनी आपला राजा पटावर आडवा केला. जावयाचा पहिला दिवाळसण, त्यात त्याला हरवायचं म्हणजे काय! सकाळपासून ते याच क्षणाची वाट बघत होते.

जावई निषाद मात्र जिंकूनही खट्टू दिसत होता.

तेवढ्यात बुद्धिबळाच्या पटाच्या कडेला दोघांचं रेटिंग उमटलं. हा नवा स्मार्ट पट सणाची भेट म्हणून हेमंतरावांनीच आणला होता. फराळाचं ताट घेऊन आलेली त्यांची लेक ओवी वाकून बघू लागली.

“बाबा, हरूनही तुमचं रेटिंग वाढलं?”

“बिघडला असेल.”

“नाही हो. हा हारजीत मोजतच नाही. तुमची नजर आणि नाडी वाचून तुम्हाला कोणती चाल दिसली होती, ते मोजतो. तुम्हाला तर याच्यावर मात करायची चाल केव्हाच दिसली होती!”

हेमंतरावांनी घाईघाईने चकली तोंडात कोंबली.

“आणि याला तुमच्याही आधी,” ओवी नवऱ्याकडे बघून म्हणाली.

निषाद ओशाळला. “सासऱ्यांना त्यांच्याच घरी हरवणं बरं दिसतं का?”

“तरीच डाव संपता संपेना!” हेमंतराव पोट धरून हसले. “मांडा पुन्हा, निषादराव. आता मानपान बाजूला.”

दुसरा डाव चहा निवायच्या आत संपला. या वेळी हेमंतराव खरोखर हरले आणि त्यांचं रेटिंगही घसरलं.

त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून बायकोला आनंदाने हाक मारली, “अगं ऐकलंस का, जावई आता घरचा झाला!”